पांढऱ्या चौकोनाखालची चित्रं

माझे भावोजी कुठलीच गोष्ट टाकत नाहीत. ताईच्या घरातलं एक कपाट उघडताना दोन्ही हात पुढे धरावे लागतात, नाहीतर अंगावर काय येईल ते सांगता येत नाही. तुटलेल्या चष्म्यांच्या काड्या, शाई वाळलेली पेनं, कुठल्या तरी पंख्याचा रेग्युलेटर. मी एकदा विचारलं, "भावोजी, याचा पंखा कुठे आहे?" तर म्हणाले, "पंखा गेला म्हणून याने काय पाप केलंय?" ताई कपाळाला हात लावते आणि हसते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, अजून हसते. मला हसू येत नाही, कारण मी प्रिंटर दुरुस्त करतो आणि निकामी भाग उपटून फेकणं हे माझ्या धंद्यातलं निम्मं काम. शिवाय मी तापट आहे आणि मला घाई असते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय राहणार नाही.

भावोजी एका लहान छापखान्यात पानं लावतात, म्हणजे मजकूर आणि चित्रं कॉम्प्युटरवर बसवून छपाईसाठी तयार करतात. एकोणीस वर्षांचे असताना ते तिथे जुळारी म्हणून लागले. तेव्हा शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं वाचत ओळ जुळवायची, पान छापून झालं की तेच खिळे सोडवून परत खणात टाकायचे, कारण पुढच्या पानाला तेच लागणार. मग कॉम्प्युटर आले. चार जुळाऱ्यांपैकी तिघांनी हात टेकले आणि ते निघून गेले. भावोजी तेवढे चिकटून राहिले. आज सत्तावन्न वर्षांचे आहेत, अजून दोनच बोटांनी टाइप करतात, आणि त्या दोन बोटांशी शर्यत लावायची माझी छाती नाही.

त्यांच्या या न टाकण्याला एक कारण आहे. ते मला ताईने सांगितलं, ते स्वतः त्यावर कधी बोलत नाहीत. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका निवृत्त पोस्टमास्तरांचं आठवणींचं पुस्तक जुळवायला आलं होतं. खिळे कमी आणि कामं जास्त. आठ पानं जुळवून ठेवलेली होती. ती छापून झाली अशी भावोजींची समजूत झाली आणि त्यांनी सगळे खिळे सोडवून टाकले. पानं छापलेली नव्हती. हस्तलिखिताच्या त्या कागदांनी कुणीतरी मशीनचे रूळ पुसले होते. पोस्टमास्तर रागावले नाहीत, उलट रोज येऊन छापखान्याच्या पायरीवर बसायचे आणि ती पानं आठवून लिहायचा प्रयत्न करायचे. पंधरा दिवस आले. पुस्तक शेवटी आठ पानं कमी होऊन निघालं आणि त्याची प्रत भावोजींनी कधी उघडली नाही.

हे मला सगळं माहीत होतं. म्हणजे ऐकून माहीत होतं. दुसऱ्याचं दुखणं आपण ऐकतो आणि वर चहा मागतो, त्यातलाच प्रकार.

एका बुधवारी सकाळी ताईचा फोन आला.

"बाळ्या, आज वेळ आहे का तुला?"

"नाही."

"मग काढ. अरे, यांचा प्रिंटर पान काढायला घेतो आणि काढतच नाही. मालक म्हणालेत, शुक्रवारी दुपारपर्यंत पुस्तिका निघाली नाही तर यापुढे पानं लावायचं काम बाहेर देणार. म्हणजे यांचं टेबलच उचलणार ना? काल हे जेवले नाहीत."

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी मला सांगितलंय, तुझ्या भावाला यातलं काही कळू देऊ नकोस. म्हणून तर लगेच फोन केला."

मी गेलो. छापखाना म्हणजे एक लांबट खोली. मागच्या बाजूला छपाईचं मशीन, भिंतीला कागदाचे गठ्ठे, आणि खिडकीपाशी भावोजींचं टेबल. टेबलावर शिशाच्या खिळ्यांनी भरलेली एक बरणी, ती कशाला ते विचारायची सोय नाही. भावोजी पडद्याकडे बघत बसले होते. एका रात्रीत माणूस इतका सुकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"या मेहुणेबुवा," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही."

"तुमच्या पोटात काल काही गेलं नाही असं ऐकलं. सरका बाजूला."

काम अठ्ठेचाळीस पानांचं होतं. शहरातल्या बागांची देखरेख करणारी एक समिती होती, तिची ही पुस्तिका, रस्त्याकडेला आपोआप उगवणाऱ्या झाडाझुडपांवर. चाळीस पानांवर चाळीस झाडं, वर फोटो, खाली माहिती. प्रस्तावनेचं पान मी छापून पाहिलं, बारा सेकंदांत बाहेर. मग आंबुशी या झुडपाचं फोटोवालं पान सोडलं. प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. एक मिनिट, पाच मिनिटं, नऊ मिनिटं. अकराव्या मिनिटाला अर्धं पान छापून त्याने मान टाकली आणि 'मेमरी अपुरी' असा कागद बाहेर फेकला.

अख्खा बुधवार मी चुकीच्या दारावर धडका मारल्या. केबल बदलली, प्रिंटरमध्ये जादा मेमरी बसवली, त्याचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फरक शून्य. मालक दोनदा येऊन मागे उभे राहिले आणि काही न बोलता गेले. न बोलणारा मालक बोलणाऱ्यापेक्षा वाईट. भावोजी मला सारखं पाणी आणून देत होते, जणू आजारी मीच होतो.

गुरुवारी सकाळी डोकं जरा थंड होतं, तेव्हा जे आदल्या दिवशी पहिल्यांदा बघायला हवं होतं ते बघितलं. छपाईच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या एका पानाचा आकार. एवढ्याशा पानाचं वजन एखाद्या सिनेमाइतकं. म्हणजे दोष प्रिंटरचा नव्हता, त्याच्यावर लादलेल्या ओझ्याचा होता. मी पानावरचा फोटो माउसने धरून बाजूला सरकवला. खाली पांढरा चौकोन. तो सरकवला. खाली दुसरा फोटो, जरा वेगळा. त्याच्याखाली पुन्हा पांढरा चौकोन. आणि सगळ्यात तळाशी एक चित्र होतं, काळ्या शाईचं, आंबुशीचं, मुळापासून बीपर्यंत. ते इतक्या मोठ्या आकारात स्कॅन केलेलं होतं की भिंतीवर लावता आलं असतं, आणि पानात दाबून काडेपेटीएवढं केलेलं.

"हे काय आहे?"

"चित्र आहे."

"ते मलाही दिसतंय. फोटोच्या पोटात कशाला लपवलंय?"

"लपवलं नाही. झाकलंय," भावोजी म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतं हे काढा, ते टाका. चार दिवसांनी येऊन म्हणतं, पहिलंच बरं होतं. मग मी वरचं उचलतो, खाली पहिलं तयार. पुसून टाकलं तर कुठून आणू?"

"अहो, प्रिंटरला काय ठाऊक तुम्ही झाकलंय? तो बिचारा आधी तळातलं चित्र पूर्ण तयार करतो, त्यावर पांढरा चौकोन रंगवतो, त्यावर फोटो, त्यावर चौकोन, त्यावर फोटो. कागदावर दिसतो एक, पण राबतो पाचासाठी. चाळीस पानं अशीच आहेत?"

"सगळीच."

"बाकीची कामं?"

मी कॉम्प्युटरची डिस्क पाहिली. भरून ओसंडत होती. प्रिंटरकडे काम पाठवण्याआधी कॉम्प्युटरला ते थोडा वेळ कुठेतरी ठेवावं लागतं, तेवढीही जागा शिल्लक नव्हती. मी त्यांना नको ते बोललो. म्हटलं, तुमच्या घरातलं कपाट तुम्ही इथेही आणून ठेवलंय, आणि त्या अडगळीपायी ताईला या वयात घोर लावलाय. मशीनवरचे दोघं ऐकत होते. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"खालचं काढल्याशिवाय नाही का होणार?"

"नाही होणार. तळातलं सगळं काढायचं, वरचा फोटो हव्या त्या मापाचा करून बसवायचा, नव्याने सेव्ह करायचं आणि जुनी फाइल उडवायची. तरच जागा होईल."

"बाकी काय हवं ते काढ. ती चित्रं नको."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तिका लिहिणाऱ्या बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्या रस्तोरस्ती फिरल्या, गटाराच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी ही चाळीस चित्रं काढली. समितीला आवडली होती. मग समितीचे अध्यक्ष बदलले. नवे म्हणाले, चित्रं जुनाट वाटतात, रंगीत फोटो टाका. बाई याच टेबलाशी बसल्या होत्या, ठीक आहे म्हणाल्या आणि मूळ चित्रांची पिशवी घेऊन घरी गेल्या. पंधरा दिवसांनी मजकूर तपासायला आल्या तेव्हा सहज बोलून गेल्या की ती सगळी चित्रं त्यांनी त्याच संध्याकाळी फाडून टाकली.

"मी म्हटलं, बाई, माझ्याकडे आहेत. फोटोंच्या खाली. इथे काही हरवत नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा काढून देईन," भावोजी म्हणाले. "त्या म्हणाल्या, राहू द्या. पण जाताना दारातून परत आल्या आणि मला पुन्हा विचारलं, खरंच आहेत ना? त्यांचा हात आता थरथरतो रे. परत काढता यायची नाहीत."

"स्कॅनच्या वेगळ्या फाइली असतील ना?"

नव्हत्या. स्कॅन करून चित्र सरळ पानात टाकायचं हीच त्यांची पद्धत. पान हेच त्यांचं कपाट.

"ठीक आहे," मी म्हटलं. "माझ्या पिशवीत डिस्क आहे. जुनी फाइल जशीच्या तशी तिच्यावर उतरवून घेतो आणि मग इथली साफ करतो. चालेल?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "असं होतं होय! मग काल का नाही बोललास?"

मी डिस्क जोडली. कॉम्प्युटर जुना, जोडणी जुनी. पडद्यावर आलं, बावन्न मिनिटं शिल्लक. समितीचा माणूस आला होता म्हणून मालकांनी भावोजींना पुढे बोलावलं. जाताना ते म्हणाले, "हे पूर्ण होईपर्यंत कशाला हात लावू नकोस हं." मी मान हलवली.

वीस मिनिटांनी पाहिलं तर सत्तावन्न मिनिटं शिल्लक. आकडा उलटा चढत होता. एवढ्यात एका दवाखान्यातून फोन आला, त्यांचा प्रिंटर अडकला होता, रिपोर्टसाठी लोक ताटकळत होते, आणि तिथली बाई माझ्यावर ओरडत होती. समोर चाळीस पानं साफ करायची पडली होती. कॉपी किती झाली ते दाखवणाऱ्या, न हलणाऱ्या पट्टीकडे मी बघत बसलो आणि माझ्या मनात आलं ते लिहितो. ज्या बाईने आपल्या हाताने चित्रं फाडली, ती आता कशाला मागायला येते? आणि भावोजी तरी पुन्हा बघणार आहेत थोडेच? त्यांना आपल्याकडे आहे एवढंच हवं असतं.

मी 'रद्द' दाबलं. मग पानामागून पान साफ केलं. खालचं उचललं, पुसलं, पुढचं पान. चित्रं डोळ्यांसमोरून जात होती, घोळ, एरंड, कसलंसं काटेरी झुडूप, प्रत्येकाचं मूळ अगदी केसाएवढं बारीक काढलेलं. चांगली होती हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी जुनी फाइल उडवली आणि तिच्या जागी नवी ठेवली. सव्वा तास लागला.

भावोजी आले. "झाली कॉपी?"

"झाली."

"नीट बघितलंस ना?"

"अहो झाली म्हटलं ना. माझ्याकडे आहे. आता छापा."

आंबुशीचं पान चाळीस सेकंदांत बाहेर आलं. भावोजींनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि लहान मुलासारखे मालकांना दाखवायला गेले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अठ्ठेचाळीस पानं तयार होती. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि टेबल जिथे आहे तिथेच राहील असं सर्वांसमोर सांगितलं. ताईने फोनवर माझं इतकं कौतुक केलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. रविवारी जेवायला बोलावलं. भावोजी आग्रह करकरून वाढत होते आणि मी निर्लज्जासारखा जेवलो.

नंतर त्यांनी मला दोनदा विचारलं, डिस्क नीट ठेवलीस ना, कोरड्या जागी? मी दोनदा हो म्हणालो. दुसऱ्यांदा तर चिडून म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला राग लवकर येतो.

चार महिने गेले. मग एका दुपारी भावोजींचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"मेहुणेबुवा, ती डिस्क घेऊन या! बाई आल्यात. घरचे तीन जिने उतरायचे-चढायचे म्हणजे त्यांना केवढं, पण स्वतः आल्यात. त्यांच्या जुन्या शाळेला चित्रं हवी आहेत, मोठी करून वर्गांतून लावणार आहेत. मी त्यांना म्हटलं, बघा, सांगितलं होतं की नाही? परवा या, तयार ठेवतो." आणि मग फोन जरा लांब धरून कुणाला तरी म्हणाले, "माझा मेहुणा. त्याच्याकडे ठेवलीत."

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हटलं, "डिस्क शोधावी लागेल. दोन दिवस द्या."

त्याच संध्याकाळी छापखाना बंद व्हायच्या वेळी जाऊन मी त्या कॉम्प्युटरची डिस्क तपासायला म्हणून काढून आणली आणि तिच्या जागी कामापुरती दुसरी बसवून दिली. पुसलेलं परत मिळवायची सॉफ्टवेअरं असतात, ती सगळी चालवून पाहिली. पण चार महिन्यांत भावोजींनी त्या जागेवर शंभर कामं केली होती. आता त्यांची पानं भराभर छापून होत, म्हणून मालक दुप्पट काम देत होते. दोन दिवसांत हाती आली ती एक करडी पट्टी, बोटभर रुंद. तिच्यात एका पानाची कड आणि देठाचा तुकडा. ती मी छापली, पाकिटात घातली आणि तिसऱ्या दिवशी डिस्क परत बसवायला छापखान्यात गेलो.

भावोजी उठून उभे राहिले. "आणलीस?"

"भावोजी, कॉपी झाली नव्हती."

"झाली म्हणाला होतास."

"मी रद्द केली होती. तुम्ही मालकांकडे गेला होता तेव्हा. फार वेळ लागत होता."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ते खाली बसले. समोर शाळेच्या वेळापत्रकाचं पान होतं. त्यातली एक रेघ त्यांनी जरा वर सरकवली, परत खाली आणली, परत वर नेली. मग भर दुपारी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

"त्या आज यायच्या आहेत. पुन्हा जिने उतरायला-चढायला लावायला नको त्यांना," ते म्हणाले. "चल."

वाटेत मी दोनदा म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी रस्ता ओलांडताना माझा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीत पत्र्याच्या जुन्या डब्यांमधून तीच रानटी झुडपं लावलेली. बाई बाहेर निघायच्या तयारीतच होत्या. टेबलावर नवी कोरी, नाडी बांधायची मोठी फाइल ठेवली होती, आणि तिच्यावर एक कागद. कागदावर चाळीस झाडांची नावं क्रमाने लिहिलेली, अक्षर इतकं हललेलं की आधी मला वाचताच येईना.

"तुम्ही कशाला आलात? मी येतच होते," त्या म्हणाल्या. "बसा."

सांगायचं मीच असं मी ठरवलं होतं आणि मीच सांगितलं. प्रिंटर, चौकोन, बावन्न मिनिटं, सगळं. बोलता बोलता मी इतक्या तपशिलात शिरलो की माझा मलाच वीट आला. मी पाकिटातून ती पट्टी काढून पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ही कुठली?" त्या म्हणाल्या. "आंबुशी नाही. घोळही नसावी." त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, पार खालपर्यंत आणि पुन्हा वर. "मी काढलेली आहे आणि मलाच ओळखू येत नाही."

"बाई, चूक सगळी माझी आहे. यांना यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तुम्हाला मी ओळखत नाही हो," त्या म्हणाल्या. मग भावोजींकडे वळल्या. "मी तुम्हाला दारातून परत येऊन विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंत," भावोजी म्हणाले.

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही, मान खाली घातली नाही. बाईंनी यादीचा कागद फाइलमध्ये ठेवला, वर ती पट्टी ठेवली आणि नाडी बांधायला घेतली. गाठ बसेना. भावोजी पुढे झाले, तर बाईंनी हात मागे घेतला नाही, पण फाइलही सोडली नाही. गाठ त्यांनी स्वतःच मारली. आम्ही उठलो. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत.

मला घरी जायचं होतं, पण भावोजी म्हणाले, "तुझ्या ताईने तुझं ताट केलं असेल. न आलास तर विचारत बसेल." म्हणून गेलो. ताई दारातच उभी होती.

"मिळाली का हो बाईंची चित्रं?"

भावोजी चपला काढत होते. त्यांनी त्या नीट भिंतीला लावून ठेवल्या. "मिळाली."

"बघा! माझ्या भावाकडे ठेवलेली वस्तू कुठे जात नाही. आणि तुम्ही म्हणे याला कळू देऊ नकोस! काय म्हणाल्या बाई?"

"त्यांना आनंद झाला," भावोजी म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

ताईने मला ओढत नेऊन ताटावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि पहिला घास तोंडात जायच्या आत आणखी वाढलं. भावोजी समोर येऊन बसले. एकतीस वर्षांत ते तिच्याशी एकदाही खोटं बोललेले नव्हते, म्हणून तिने पुन्हा काही विचारलं नाही.